ट्रॉम्बेची भुकटी आणि माटुंग्याचे गणित

ठाणे खाडीच्या पश्चिम काठावरचे ट्रॉम्बे हे १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होते. पुढे त्याची महसुली ओळख बदलली, तरी खाडीच्या दोन्ही तीरांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो रासायनिक कारखान्यांचा पट्टा उभा राहिला, त्याचे मूळ याच खाजणालगतच्या जमिनीत आहे. १९५१ साली इराणने आपल्या तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले, आबादानची अवाढव्य रिफायनरी बंद पडली आणि तिथून येणाऱ्या पेट्रोल-केरोसीनवर विसंबलेल्या भारताला स्वतःच्या भूमीवर तेलशुद्धी करण्याची निकड तीव्रतेने जाणवली. त्याच वर्षाच्या अखेरीस भारत सरकारने स्टॅन्व्हॅक ही अमेरिकी आणि बर्मा-शेल ही ब्रिटिश-डच भांडवलाची कंपनी यांच्याशी स्वतंत्र करार केले, ज्यांत पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याची हमीही होती. स्टॅन्व्हॅकचा वर्षाला साडेबारा लाख टन क्षमतेचा कारखाना १९५४ मध्ये आणि शेजारच्या माहुलचा बर्मा-शेलचा कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला.

या कारखान्यांचा इतिहास सामान्यतः परकीय भांडवल, करार आणि राष्ट्रीयीकरण या अंगांनी लिहिला जातो. त्यांच्या आवारातील सर्वांत विलक्षण यंत्राकडे मात्र इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ते यंत्र म्हणजे कॅट क्रॅकर, अर्थात उत्प्रेरकाच्या साहाय्याने जड तेलाचे मोठे रेणू फोडून त्यांपासून पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस मिळवणारा भंजन संच. कच्चे तेल नुसते उकळून त्याचे घटक वेगळे केले तर हवे तेवढे पेट्रोल हाती लागत नाही आणि जड तेलाचा मोठा साठा उरतो, जो जाळण्यापलीकडे फारसा उपयोगी नसतो. भंजन संच या उरलेल्या तेलाच्या वजनाच्या जवळजवळ निम्म्याचे पेट्रोल करतो. बर्मा-शेलने पन्नाशीच्या दशकात ‘बर्शेन’ या नावाने सिलिंडरमधला गॅस मुंबईत विकायला सुरुवात केली आणि पुढे टेंभी नाका, चेंदणी, नौपाडा अशा ठाण्याच्या जुन्या वस्त्यांतल्या स्वयंपाकघरांतही केरोसीनच्या स्टोव्हची जागा हळूहळू गॅसच्या शेगडीने घेतली. रिफायनरीतून येणाऱ्या अशा गॅसचा मोठा वाटा भंजन संचातून येतो.

या संचाच्या पोटात असते ती पांढरट, पिठासारखी बारीक भुकटी. सिलिका आणि ॲल्युमिना यांपासून बनवलेल्या या उत्प्रेरकाचा एकेक कण सरासरी ६० ते ७५ मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढा असतो. सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमानाला तेलाची वाफ या भुकटीतून जाते, रेणू तुटतात आणि तुटताना कणांवर कोळशाचा थर बसून काही सेकंदांतच उत्प्रेरक निकामी होऊ लागतो. म्हणून ती काळवंडलेली भुकटी शेजारच्या दुसऱ्या टाकीत, जिला पुनरुज्जीवक म्हणतात, अखंड वाहून न्यावी लागते. तिथे हवेच्या झोतात कोळसा जळतो, भुकटीचे तापमान सातशे अंशांच्या आसपास चढते आणि तीच तापलेली भुकटी भंजनाला लागणारी उष्णता घेऊन परत येते. येणाऱ्या तेलाच्या वजनाच्या पाच ते सात पट उत्प्रेरक असा सतत फिरत राहतो; वर्षाला दहा लाख टन तेल हाताळणाऱ्या संचात मिनिटाला दहा-बारा टन भुकटी नळांतून पाण्यासारखी वाहत असते. त्यासाठी पंप नाही की पट्टा नाही. वाहून नेण्याचे सगळे काम वायू आणि गुरुत्वाकर्षण मिळून करतात.

ज्या तत्त्वावर हे चालते त्याला फ्लुइडाइज्ड बेड, म्हणजे वायूच्या झोताने द्रवासारखा वागू लागलेला कणांचा थर, असे म्हणतात. सच्छिद्र तळाच्या टाकीत बारीक भुकटी भरून खालून वायू सोडला आणि त्याचा वेग हळूहळू वाढवला, तर प्रथम वायू कणांच्या फटींतून वाट काढत निघून जातो आणि थर जागचा हलत नाही. वेगाबरोबर थराखालचा दाब मात्र चढत जातो. एका विशिष्ट वेगाला वायूने कणांवर लावलेला ओढ-बल कणांच्या वजनाइतका होतो आणि त्या क्षणी सारा थर सुटा होऊन डुचमळू लागतो. इथून पुढे वेग बराच वाढवला तरी दाबातील फरक जवळपास तेवढाच राहतो, कारण त्याला आता फक्त थराचे वजन पेलायचे असते. अशा थरावर हलकी वस्तू तरंगते, जड वस्तू बुडते, टाकीला खाली भोक पाडले तर भुकटीची धार लागते आणि दोन टाक्या जोडल्या तर दोन्हींतील पातळी सारखी होऊ पाहते. भंजनाच्या भुकटीला या अवस्थेत आणायला सेकंदाला अवघा काही मिलिमीटर वेग पुरतो.

कोड्याची सुरुवात मात्र याच्या पुढे होते. ७० मायक्रॉनचा एकटा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर वेगाने खाली पडतो. याचा सरळ अर्थ असा, की वर जाणाऱ्या हवेचा वेग २० सेंटिमीटरच्या पुढे गेला की कण तिच्याबरोबर उडून जायला हवा. प्रत्यक्षात पुनरुज्जीवकातील वायूचा वेग सेकंदाला ६० सेंटिमीटर ते १ मीटर असतो, तापलेल्या वायूची श्यानता, म्हणजे चिकटपणा, हवेहून जास्त असल्याने कण आणखीच सहज उडायला हवा, आणि तरीही कित्येक टन भुकटीचा दाट थर टाकीत बसून राहतो. उडालेली भुकटी वरच्या सायक्लोनमधून, म्हणजे वायूला गरगर फिरवून धूळ बाजूला काढणाऱ्या शंकूंमधून, परत खाली येते हे खरे; पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. कण एकेकटे वागत नाहीत, ते पुंजके करून राहतात आणि वायू त्या पुंजक्यांना वळसा घालून निघून जातो, एवढे मानल्याशिवाय हा थर टिकण्याचे कारण सांगता येत नाही. या पुंजक्यांचा शोध, त्यांच्यावरून झालेले वाद आणि त्यांना गणितात पकडण्याची धडपड हा गेल्या ऐंशी वर्षांच्या रासायनिक अभियांत्रिकीचा एक मोठा अध्याय आहे, आणि त्यात मुंबईने घातलेली भर रिफायनरीच्या फाटकातून नव्हे, तर माटुंग्याच्या एका शिक्षणसंस्थेतून आली.

भुकटीला वायूने उचलून धरण्याची कल्पना औद्योगिक प्रमाणावर प्रथम जर्मनीत राबवली गेली. फ्रिट्झ विंकलर याने १९२२ मध्ये तिचे पेटंट मागितले आणि १९२६ मध्ये लॉयना येथे कोळशापासून वायू तयार करणारे पहिले मोठे यंत्र चालू झाले. भारतात याच जातीची यंत्रे पुढे नेव्हेलीच्या खत कारखान्यात लिग्नाइटसाठी बसवली गेली. तेलाच्या क्षेत्रात मात्र सुरुवात वेगळ्या वाटेने झाली. यूजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने उत्प्रेरकाचे स्थिर थर वापरून भंजनाची रीत बसवली आणि १९३७ मध्ये सन ऑइल कंपनीने ती अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. तिच्यात दर काही मिनिटांनी तेल बंद करून त्याच टाकीत हवा सोडावी लागे, झडपांची उघडझाप अखंड चाले आणि परवान्याची किंमतही भारी होती. हूड्रीचे पेटंट टाळून पर्याय शोधण्यासाठी १९३८ मध्ये स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी, शेल, अँग्लो-इराणियन, केलॉग यांसारख्या कंपन्यांनी संयुक्त संशोधन मंडळ स्थापन केले, आणि एमआयटीचे वॉरेन लुईस व एडविन गिलिलँड या प्राध्यापकांना भुकटी आणि वायू यांच्या प्रवाहाचा प्रश्न सोपवण्यात आला.

लुईस आणि गिलिलँड यांच्या हाती जे लागले ते अनपेक्षित होते. उभ्या नळीत बारीक भुकटी आणि वायू एकत्र वर सोडले असता, एकट्या कणाच्या पडण्याच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक वायुवेगालाही भुकटी नळीत दाट राहत होती. कण आणि वायू यांच्यातील सापेक्ष वेग अपेक्षेच्या अनेक पट निघत होता, आणि त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की कण गटागटाने एकत्र येऊन मोठ्या, जड कणांसारखे वागत आहेत. या निरीक्षणाने उद्योगाची दिशा ठरली. डोनाल्ड कॅम्पबेल, होमर मार्टिन, ईगर मर्फ्री आणि चार्ल्स टायसन या स्टँडर्ड ऑइलच्या चौघा अभियंत्यांनी रचलेला पहिला संच २५ मे १९४२ रोजी लुइझियानातील बॅटन रूज येथे सुरू झाला. त्या पहिल्या संचात सारी भुकटी वायूबरोबर वर उडवून सायक्लोनमध्ये पकडली जात होती. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या नमुन्यात अभियंत्यांनी धीर करून वेग कमी केला, भुकटीचा दाट थर टाकीतच राहू दिला आणि यंत्र लहान, स्वस्त आणि हुकमी झाले. पुंजक्यांचे कारण कुणालाही नीट सांगता येत नसताना त्यांच्या भरवशावर शंभर-शंभर टन भुकटीचे कारखाने उभे राहिले. महायुद्धात विमानांना लागणारे उच्च प्रतीचे पेट्रोल आणि कृत्रिम रबराचा कच्चा माल पुरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. शास्त्र आधी आणि तंत्र नंतर हा क्रम अनेकदा गृहीत धरला जातो, पण या यंत्राच्या बाबतीत तो सपशेल उलटा आहे.

शास्त्राने पाठलाग सुरू केला तो युद्ध संपल्यावर. प्रिन्स्टन विद्यापीठात रिचर्ड विल्हेल्म आणि त्यांचा चिनी विद्यार्थी मूसन क्वाक यांनी १९४८ मध्ये कणांचे थर दोन जातींचे असतात हे मांडले. पाण्याने उचललेली वाळू एकसारखी पसरत जाते आणि प्रत्येक कण शेजाऱ्यापासून साधारण सारखे अंतर राखतो. हवेने उचललेली वाळू मात्र एकसारखी राहत नाही, तिच्यात वायूचे रिकामे बुडबुडे उसळत वर जातात आणि त्यांच्या भोवती कण दाटीने उभे राहतात. द्रव आणि कण यांच्या घनतेत फारसा फरक नसतो, तर वायू आणि कण यांच्यात हजारपटीपर्यंत असतो, म्हणून वायूतील कणाला एकदा गती मिळाली की ती सहजी मोडत नाही. दोन जातींचे मूळ येथे आहे. १९५२ मध्ये तुमी आणि जॉनस्टन यांनी असे सुचवले की थर सुटा व्हायला लागतो त्याहून जास्तीचा सगळा वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. बुडबुड्यातून गेलेला वायू उत्प्रेरकाला शिवतच नाही, त्यामुळे रासायनिक क्रियेच्या दृष्टीने तो वाया जातो. केंब्रिजच्या जॉन डेव्हिडसन आणि डेव्हिड हॅरिसन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फ्लुइडाइज्ड पार्टिकल्स’ या ग्रंथात बुडबुड्याच्या आसपास वायू कसा फिरतो याचे गणित दिले: बुडबुडा पुरेसा वेगाने चढत असेल तर त्याच्यातील वायू बाहेर पडून सभोवतीच्या कणांतून खाली येतो आणि पुन्हा आत शिरतो, आणि त्यामुळे त्याच्याभोवती वायूचे एक बंदिस्त कवच तयार होते.

डेव्हिडसन आणि हॅरिसन हे लिहीत असताना त्याच विभागात पीटर डँकवर्ट्स यांच्या हाताखाली मुंबईचा एक तरुण डॉक्टरेट करत होता. जोधपूरमध्ये जन्मलेले आणि माटुंग्याच्या यूडीसीटीतून, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या १९३३ मध्ये स्थापन झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, शिकलेले मनमोहन शर्मा १९६४ मध्ये केंब्रिजहून परतले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी यूडीसीटीतच प्राध्यापक झाले. त्यांचा विषय वायू आणि द्रव यांच्या क्रियांचा होता, कणांच्या थरांचा नव्हे. तरीही दोन वेगळ्या अवस्थांतील पदार्थ एकमेकांत मिसळताना काय घडते हा प्रश्न एकदा माटुंग्यात रुजला आणि तिथे त्याची परंपराच निर्माण झाली.

त्या काळात ट्रॉम्बेच्या संचांत काय चालले होते? स्टॅन्व्हॅकचा कारखाना १९६२ पासून एस्सोच्या नावाने चालू लागला. दोन्ही कारखान्यांत भारतीय अभियंत्यांनी यंत्र चालवण्यात हुकमत मिळवली, पण यंत्राचे आराखडे, उत्प्रेरक आणि बदलांचे निर्णय बाहेरून येत. भंजन संच चालवणाऱ्याला थराच्या आत काहीही दिसत नाही. त्याच्यापुढे असतात ते दाबातील फरक दाखवणारे काटे, ठिकठिकाणची तापमाने आणि सायक्लोनमधून निसटलेल्या भुकटीची रोजची मोजणी. थराखालचा आणि वरचा दाब यांतील फरकावरून किती भुकटी आत आहे ते कळते. उभ्या नळातील दाब नीट चढत नसेल तर भुकटीतली हवा निघून गेली आणि ती वाहण्याऐवजी बसू लागली असे समजावे. पुनरुज्जीवकाच्या दोन बाजूंची तापमाने वेगळी पडू लागली तर हवा एका बाजूने वाट काढत आहे हे उघड. या खुणा वाचण्याचे कसब पुस्तकात नव्हते आणि ट्रॉम्बेतील अभियंत्यांच्या दोन पिढ्यांनी ते हाताने कमावले. १९७४ मध्ये एस्सोचा कारखाना सरकारने घेतला आणि त्यातून हिंदुस्तान पेट्रोलियम आकाराला आली. २४ जानेवारी १९७६ रोजी बर्मा-शेल सरकारी मालकीची झाली आणि १९७७ पासून भारत पेट्रोलियम हे नाव लागले. मालकी बदलल्याने यंत्राविषयीचे ज्ञान आपोआप हाती आले, असे मात्र म्हणता येणार नाही.

दरम्यान खुद्द यंत्रच बदलत होते. साठीच्या दशकात मोबिल कंपनीच्या संशोधकांनी झिओलाइट, म्हणजे एकसारख्या अतिसूक्ष्म पोकळ्या असलेला स्फटिकी उत्प्रेरक, भंजनासाठी बाजारात आणला. तो इतका तीव्र होता की तेलाची वाफ त्याच्या सहवासात काही सेकंदच राहायला हवी होती, अन्यथा पेट्रोलचेही तुकडे होऊन नुसता वायू आणि कोळसा पदरात पडे. त्यामुळे दाट थराची टाकी मागे पडली आणि तिच्या जागी रायझर, म्हणजे तीस-चाळीस मीटर उंचीचा उभा नळ आला, ज्यात तेलाची वाफ आणि भुकटी मिळून दोन ते पाच सेकंदांत वरच्या टोकाला पोहोचतात. या झोतात तरी कण सुटे राहतील अशी अपेक्षा होती, पण ती खोटी ठरली. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधील योसेफ येरुशाल्मी, टर्नर आणि आर्थर स्क्वायर्स यांनी १९७६ मध्ये वेगवान थरांचे वर्णन करताना दाखवले की तिथेही कणांचे पट्टे आणि पुंजके जमतात, ते भिंतीलगत खाली घसरतात, फुटतात आणि पुन्हा जमतात. पुढील मोजण्यांतून रायझरचे जे चित्र स्पष्ट झाले त्यात मध्यभागी विरळ झोत वर जातो आणि कडेला दाट भुकटी खाली येते. तेलाच्या दृष्टीने हे दुहेरी नुकसान आहे: मधली वाफ पुरेशा उत्प्रेरकाला भेटत नाही आणि कडेला अडकलेली गरजेपेक्षा जास्त तुटते.

पुंजके का जमतात याचे उत्तर हळूहळू दोन बाजूंनी मिळत गेले. पहिली बाजू वायूची आहे. दोन-चार कण योगायोगाने जवळ आले की त्यांच्या मधून जाण्यापेक्षा बाजूने जाणे वायूला सोपे पडते. त्यामुळे प्रत्येक कणावरचा ओढ-बल कमी होतो, गट मागे पडतो, आणि खालून येणारे कण त्याच्यावर येऊन अडतात. सायकलस्वारांच्या जथ्यात मागच्याला वारा कमी लागतो, तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे जथ्यात सामील होण्याची इच्छा कुणालाच नसते. दुसरी बाजू खुद्द कणांची आहे. दोन कण आदळले की थोडी गतिऊर्जा नष्ट होते, त्यामुळे जिथे कण दाट तिथे टकरी जास्त, जिथे टकरी जास्त तिथे हालचाल मंद, आणि मंद जागेत आणखी कण येऊन साचतात. वायू नसतानाही कणांची गर्दी अशी आपोआप गोळा होते, हे गोल्डहर्श आणि झानेट्टी यांनी १९९३ मध्ये दाखवले. ब्रॅडफर्डच्या डेरेक गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये भुकट्यांचे जे चार वर्ग पाडले त्यांचा उपयोग येथे होतो. भंजनाची भुकटी त्यांच्या ‘ए’ वर्गातली, म्हणजे बुडबुडे सुटण्यापूर्वी काही काळ एकसारखी फुगणारी. वाळू ‘बी’ वर्गातली. पिठासारख्या अतिबारीक, एकमेकांना चिकटणाऱ्या भुकट्या ‘सी’ वर्गातल्या. आणि धान्याएवढ्या दाण्यांचा वर्ग ‘डी’.

एकसारखा थर मोडून त्यात बुडबुडे आणि पुंजके नेमके केव्हा होतील, हा प्रश्न माटुंग्यात हाती घेणारे प्राध्यापक म्हणजे ज्येष्ठराज जोशी. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली १९७७ मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या जोशी यांनी सुरुवात केली ती बुडबुड्यांच्या स्तंभांपासून, म्हणजे द्रवाच्या उंच टाकीत खालून वायू सोडून क्रिया घडवणाऱ्या साध्या यंत्रापासून. तिथेही कमी वेगाला सारखे, लहान बुडबुडे संथ चढतात आणि वेग वाढवला की मोठे बुडबुडे मधूनच उसळू लागून सारा स्तंभ घुसळला जातो. जोशी यांच्या गटाने द्रवातील बुडबुडे, द्रवातील कण आणि वायूतील कण या तीन वरकरणी वेगळ्या प्रकरणांना एकाच गणिती चौकटीत बसवले, आणि हेच त्यांचे खरे योगदान म्हणावे लागेल. त्या चौकटीचा गाभा असा आहे: थरातील कणांचे प्रमाण कुठेतरी किंचित बदलले, तर ती लहर वाढणार की विरणार हे दोन विरुद्ध प्रवृत्तींवर अवलंबून असते. कणांचे जडत्व लहरीला मोठी करू पाहते, कारण जड कण वायूच्या बदललेल्या वेगाशी पटकन जुळवून घेत नाही. उलट, कणांची इतस्ततः पसरण्याची वृत्ती तिला मोडून टाकते. द्रवात दुसरी प्रवृत्ती जिंकते, वायूत बहुधा पहिली. रॉय जॅक्सन यांनी १९६३ मध्ये या विश्लेषणाचा पाया घातला होता. १९९२ पासूनच्या लेखांतून आणि विशेषतः २००१ मधील बहुप्रावस्था यंत्रांच्या स्थिरतेवरील दीर्घ लेखातून जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अभियंत्याला वापरता येईल अशा सूत्रांपर्यंत आणले. १९९९ ते २००९ या काळात ते संस्थेचे संचालक होते आणि यूडीसीटीचे रूपांतर याच काळात, २००८ मध्ये, इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या अभिमत विद्यापीठात झाले. २०१४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची वाट थोडी निराळी होती. तिथे एल. के. दोराईस्वामी यांनी घन उत्प्रेरक आणि वायू यांच्या क्रियांची अभियांत्रिकी शाखा घडवली, आणि शर्मा यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा ‘हेटेरोजीनियस रिअ‍ॅक्शन्स’ हा १९८४ चा दोन खंडांचा ग्रंथ जगभर वापरला गेला. जोशी यांचे विद्यार्थी विवेक रानडे यांनी याच प्रयोगशाळेत संगणकाने प्रवाह सोडवण्याचे तंत्र रासायनिक यंत्रांना लावले. त्यावरील त्यांचे पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. ट्रॉम्बेचे क्रॅकर माटुंग्याहून थोड्याच किलोमीटरवर धडधडत असताना कणांच्या स्थिरतेचे हे गणित मुख्यतः काचेच्या स्तंभांवर, पाणी-हवा आणि पाणी-कण यांवर तपासले गेले. परवान्याखाली आलेले यंत्र उघडून बघता येत नाही आणि चालू रिफायनरीत प्रयोग करता येत नाहीत, हे त्याचे एक कारण. त्याहून मोठे कारण बहुधा हे की रंगद्रव्ये आणि औषधांच्या त्या काळच्या मुंबई-ठाण्याच्या उद्योगाला रोज लागणारी यंत्रे ही वायू-द्रव जातीची होती.

ठाण्याचा आणि खाडीच्या पूर्वेकडचा इतिहास हेच दाखवतो. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्यात वागळे इस्टेट वसली आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिलचा नॅफ्था फोडणारा कारखाना १९६८ मध्ये सुरू झाला. तिथे भंजन होते ते उत्प्रेरकाविना, भट्टीतल्या तापलेल्या नळ्यांत. शेजारच्या पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजने त्यातून मिळालेल्या एथिलिनपासून पॉलिथिन केले तेही जर्मन होएख्स्टच्या पद्धतीने, द्रवात मिसळलेल्या लगद्याच्या रूपात. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत युनियन कार्बाइडने पॉलिथिन थेट वायूतून, उचललेल्या कणांच्या थरात वाढवण्याचे यंत्र सुरू केले होते. कणांचे थर महाराष्ट्राच्या प्लास्टिक उद्योगात आले ते दोन दशकांनंतर, रायगड जिल्ह्यातील आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीच्या नागोठण्याच्या संकुलात. तिथे पुंजक्यांचा त्रास वेगळ्या रूपात भेटतो: वाढणारे प्लास्टिकचे दाणे तापमान थोडे जरी चढले तरी मऊ होऊन एकमेकांना चिकटतात, स्थिर विद्युतभारामुळे भिंतीवर पापुद्रे धरतात आणि मोठे गोळे झाले तर संच थांबवून आत उतरून ते फोडावे लागतात. रायझरमधले पुंजके क्षणात जमतात आणि क्षणात विरतात. हे गोळे मात्र कायमचे असतात, आणि दोहोंना एकाच कारणाखाली घालण्याची चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

कायमच्या पुंजक्यांशी कल्याण-डोंबिवली-अंबरनाथ पट्ट्याची ओळख बॉयलरच्या मार्गाने झाली. ऐंशीच्या दशकापासून तिरुचिरापल्लीची भेल आणि पुण्याची थरमॅक्स यांसारख्या कंपन्यांनी एफबीसी बॉयलर, म्हणजे वाळू आणि राखेच्या उसळत्या थरात कोळसा जाळणारे बॉयलर, देशात रुजवले. हलका, राखाळ कोळसा किंवा भाताचे तूस यांत ८५० अंशांच्या आसपास जळते. इतक्या कमी तापमानाला नायट्रोजनची ऑक्साइडे कमी होतात आणि चुनखडी टाकली तर गंधकही थरातच अडकते. मात्र तुसात किंवा इतर शेतीच्या कचऱ्यात पोटॅशियमसारखे क्षार असले की राख मऊ होते, वाळूचे कण तिने सांधले जातात आणि बेडमध्ये क्लिंकर धरतो. बॉयलर चालवणाऱ्याला हे डोळ्यांनी दिसण्याआधी काट्यांवर दिसते: थरातील तीन-चार ठिकाणची तापमाने, जी एरवी एकमेकांना चिकटून चालतात, ती फाकू लागतात आणि खालच्या हवापेटीतील दाब डोलायचा थांबतो. अशा वेळी हवा वाढवून थर मोकळा होतो का ते पाहणे, आणि होत नसेल तर आग विझवून क्लिंकर बाहेर काढणे, हे दोनच उपाय उरतात.

डोंबिवली आणि अंबरनाथच्या औषधी व रंगद्रव्य कारखान्यांत तर एफबीडी, म्हणजे उसळत्या थरात ओली भुकटी वाळवणारा ड्रायर, हे अगदी रोजचे यंत्र आहे. तिथली भुकटी बहुधा गेल्डार्टच्या ‘सी’ वर्गातली, म्हणजे इतकी बारीक आणि ओली की कण एकमेकांना सोडतच नाहीत; हवा एखाद्या जागी भोक पाडून सरळ वर जाते, बाकीचा माल तसाच ओला राहतो आणि वरच्या फिंगर बॅगा, म्हणजे उडालेली भुकटी अडवणाऱ्या कापडी पिशव्या, गच्च भरतात. कामगार त्याला चॅनेलिंग म्हणतो, बॅगा झटकतो, थांबवून माल हलवतो आणि पुन्हा हवा सोडतो. ज्या प्रश्नासाठी प्रिन्स्टन आणि केंब्रिजमध्ये ग्रंथ लिहिले गेले, त्याच्यावरचा त्याचा तोडगा पाच मिनिटांचा असतो.

संगणकाच्या युगात हा प्रश्न पुन्हा प्रिन्स्टनकडे वळला. मूसन क्वाक १९५६ मध्ये चीनला परतले आणि त्यांच्या परंपरेतील ली जिंगहाई यांनी १९९४ मध्ये त्यांच्याबरोबर पुंजक्यांना मध्यम पातळीची स्वतंत्र रचना मानणारा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. प्रिन्स्टनमध्ये, आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी शंकरन सुंदरेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की संगणकावरील जाळीचे चौकोन पुंजक्यांहून मोठे धरले तर ओढ-बलाचा अंदाज फार जास्त येतो आणि सारा रायझर कागदावर रिकामा होतो. शंभर टन भुकटीच्या संचात ७० मायक्रॉनचे सुमारे पावणेचारशे लाख कोटी कण असतात, त्यामुळे प्रत्येक कणाचा माग ठेवणे आजच्या कुठल्याही यंत्राच्या आवाक्यात नाही. म्हणून लहान जागेतील बारीक गणितातून पुंजक्यांचा सरासरी परिणाम काढायचा आणि मोठ्या गणितात ओढ-बल तेवढा घटवून घालायचा, अशी तडजोड करावी लागते. घट किती धरायची हे भुकटी, वेग आणि नळाच्या व्यासाप्रमाणे बदलते, आणि ते ठरवताना चालू संचाच्या दाबाचे आकडे जुळतात का, हीच कसोटी अजूनही शेवटची मानली जाते.